जुन्या कॅम्परची वायरिंग: आधी फ्यूज, मग फ्रीज

जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर केली असेल, तर टीव्ही-स्पीकरच्या नादी नंतर लागा. पहिलं काम दुसऱ्या बॅटरीचं. स्टार्टरच्याच बॅटरीवर रात्रभर पंखे चालवले, तर सकाळी माळशेजला धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

१२ व्होल्टचा फ्रीज कॉम्प्रेसर चालू असताना साधारण ४ अँपिअर ओढतो. निम्मा वेळ चालला तर दिवसाला ४८ अँपिअर-अवर. १०० ची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणजे एका दिवसात खेळ खलास. लिथियम घेणार असाल तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) आणि बॅटरीच्या मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, म्हणजे बॅटरीला जाणारा करंट-व्होल्टेज आवरणारा डबा.

वायरीत कंजुषी नको. फ्रीज ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर तांबं, २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरीत ०.३ व्होल्ट वाटेतच जातो. मी सरळ ६ ची टाकतो. फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर, फ्रीजपाशी नाही. तो वायर जळू नये म्हणून असतो.

सामानासाठी मी ठाण्याहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोड गाठतो. लॅमिंग्टन रोडला लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोकं), हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळून बसणारी नळी) सगळं मिळतं. हीटश्रिंक विसरू नका, घोडबंदरच्या पावसाळ्यात उघडं तांबं हिरवं पडतं. नुसती पिळून टेप गुंडाळलेली जोडणी तर चालत्या गाडीत टिकतच नाही.

काम सुरू करताना आधी बॅटरीचा मायनस सोडवा, जोडताना तो शेवटी. मग फ्रीज तासभर चालवून प्रत्येक लगला हात लावून बघा. गरम लागला तर कापून पुन्हा क्रिम्प करा, म्हणजे नवा लग वायरीवर पक्कडीने घट्ट दाबून बसवा.