जुन्या एमएक्स-५ मध्ये बिघाड शोधताना आधी काय बघायचं

माझ्याकडे १९९०ची माझदा एमएक्स-५ आहे, म्हणजे कापडी छताची दोन सीटची छोटी स्पोर्ट्स कार, १.६ लिटरची, पॉप-अप हेडलाइटवाली. इथे इंग्लंडमध्ये ओलावा कायम, त्यामुळे काही ना काही चालूच असतं, पण गाडीवर जीव आहे म्हणून बहुतेक कामं मी घरीच करतो. तुमच्याकडे या पिढीची कुठलीही असेल तर पार्ट मागवायच्या आधी मल्टिमीटर काढा, ही माझी कळकळीची विनंती.

पहिलं व्होल्टेज. इंजिन बंद असताना बॅटरीवर १२.६ च्या आसपास, चालू असताना साधारण १४. या गाडीत बॅटरी डिकीत असते आणि निगेटिव्ह बॉडीला जोडलेली, म्हणजे इंजिनपर्यंतचं अर्थिंग सगळं बॉडीतून आणि एका अर्थ स्ट्रॅपमधून (बॉडी आणि इंजिन जोडणाऱ्या वायरीच्या पट्टीतून) जातं. तो स्ट्रॅप गंजला की स्टार्टर रडतो, दिवे मंद होतात आणि लोक अल्टरनेटर बदलून बसतात. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावून कोणाला तरी स्टार्टर मारायला सांगा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थिंग खराब. जोड उघडा, पत्रा चकचकीत घासा, परत आवळा.

मग कोड, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर देतो तो बिघाडाचा नंबर. आजकालचा स्कॅनर या गाडीला जोडता येत नाही. बॉनेटखाली डायग्नोसिस लिहिलेला छोटा डबा असतो, त्यात टीईएन आणि जीएनडी लिहिलेले दोन पिन वायरच्या तुकड्याने जोडायचे, इग्निशन ऑन करायचं, इंजिन चालू नाही करायचं. डॅशवर चेक इंजिनचा दिवा नसेल तर त्याच डब्यातल्या बी प्लस आणि एफईएन या पिनांच्या मध्ये रेझिस्टर लावलेली एलईडी लावा. लांब ब्लिंक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब पाच छोट्या आल्या तर १५, म्हणजे ऑक्सिजन सेन्सर. पण कोड आला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका, आधी त्याची वायर आणि प्लग बघा.

आणि कोड नसतानाही गाडी झटके देऊ शकते. माझी पावसाळी सकाळी चढावर अडखळायची, मी इंजिनात जाणारी हवा मोजणारा एअरफ्लो मीटर सेकंडहँड विकत आणून बसवला, काडीचा फरक नाही. शेवटी एका रात्री अंधारात बॉनेट उघडून, गॅरेजचं दार सताड उघडं ठेवून इंजिन आयडलला ठेवलं आणि प्लगच्या वायरींवर झाडांना मारायच्या स्प्रेने हलकं पाणी मारलं, तर एका वायरीतून हेड कव्हरवर निळी ठिणगी टिक टिक टिक उडताना चक्क दिसली. वायरींचा सेट बदलला, त्या दिवसापासून गाडी गुळगुळीत. (इंजिन चालू असताना वायरींना हात नाही लावायचा, झटका जबरदस्त असतो.)

तेलाचं पण असंच. गिअरबॉक्सच्या तोंडापाशी तेल ठिबकतंय म्हणून एका मेकॅनिकने मला क्रँकचं मागचं सील सांगितलं होतं, म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं. तेल येत होतं वरून, इंजिनच्या हेडच्या मागे कॅम अँगल सेन्सर (ठिणगीची वेळ ठरवायला लागतो तो) असतो त्याच्या ओ-रिंगमधून. आधी टॉर्च मारून वरून बघा. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्यावर आणि हेडवर रेघ मारून ठेवा, कारण तो थोडा फिरला तरी इग्निशन टायमिंग बदलतं.

क्लच पेडल खाली जाऊन बसलं तर गिअरबॉक्सपाशी क्लच ढकलणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचं रबर मागे सरकवा, आत ओलं असेल तर तो गेलाय. मी पेडलकडचा मास्टर सिलिंडर पण सोबतच बदलतो. हेडलाइट वर येत नसेल तर मोटरच्या रबरी टोपीखाली हाताने फिरवायची गुंडी असते, पण आधी रिट्रॅक्टरचा फ्यूज काढा, बोटं अडकतात.

आणि हो, कापडी छताच्या मागच्या कोपऱ्यातली पाण्याची भोकं दर हिवाळ्याआधी मोकळी करा. ती तुंबली की दारांखालचे पत्र्याचे पोकळ सिल आतून कुजतात, आणि ते मल्टिमीटरला कळत नाही.