नोकरीच्या कामातच साधना कशी करावी

वारकरी परंपरेने अध्यात्मासाठी कामधंदा सोडायला सांगितले नाही. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे सावता माळी मळ्यातच रमले, गोरोबांनी तेरमध्ये मडकी घडवली आणि नामदेव शिंपी घराण्यातले होते. आज संगणकासमोर बसणाऱ्यालाही हीच वाट मोकळी आहे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात एकाच कामापासून करावी. रोजच्या कामांपैकी ज्याचा शेवट एखाद्या माणसापाशी होतो असे एक काम निवडावे आणि ते हाती घेण्यापूर्वी त्या माणसाला क्षणभर डोळ्यांसमोर आणावे. बँकेत नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यायला आलेल्या आजींच्या बोटांचे ठसे झिजल्यामुळे यंत्र ते ओळखत नसेल, तर त्यांना परत न पाठवता खुर्ची द्यावी, बोट पुसून पुन्हा ठेवायला सांगावे आणि तरीही जमले नाही तर दुसरा मार्ग स्वतः शोधून द्यावा. एवढा वेळ फोनकडे पाहू नये, कारण ही एकाग्रता जपाहून कमी नाही.

दोन कामांच्या मध्ये, जागेवरून न उठताही, चार श्वासांपुरते नामस्मरण करता येते. शक्य असल्यास आषाढी वारीत आळंदी ते पुणे हा टप्पा चालावा.

मात्र पिळवणूक निमूटपणे सोसणे म्हणजे निष्काम कर्म नव्हे. कामाची वेळ संपल्यावर घरी जावे आणि हक्काचे वेतन ठामपणे मागावे.