रायफलची पुंगळी ट्रिम कधी करायची?

काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरून वापरली (रीलोडिंग) की ती लांबत जाते; वाढलेलं तोंड कापून टाकणं म्हणजे ट्रिम करणं. ‘दर चार फायरिंगनंतर ट्रिम करा’ असा सल्ला कोणी दिला तर मान डोलवा आणि विसरून जा. पितळ फायरिंग मोजत नाही. एकाच कॅलिबरच्या दोन रायफलींमध्ये तीच पुंगळी वेगवेगळ्या गतीने लांबते. चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) किती सैल आहे, लोड (दारूचा भार) किती तिखट आहे आणि सायझिंग डाय (फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापावर आणणारा साचा) किती खाली बसवलीय यावर ते ठरतं. निर्णय व्हर्निअर कॅलिपरने घ्यायचा, वहीतल्या आकड्यावरून नाही.

पुंगळ्या स्वच्छ करा, ल्यूब (वंगण) लावा, फुल-लेंग्थ सायझिंग करून (अख्खी पुंगळी डायमध्ये दाबून) प्रायमर (तळातली ठिणगी देणारी टोपी) काढा, ल्यूब पुसा. आता मोजा.

हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. या विषयात मी सगळ्यात जास्त घोळ घातलेली जागा हीच. फायर झालेली पुंगळी फुगलेली असते, त्यामुळे ती बऱ्याचदा फसवी आखूड भरते. डायमध्ये घातली की अंग दाबलं जातं आणि टूथपेस्टची नळी दाबावी तसं पितळ पुढे, मानेकडे (बुलेट धरणाऱ्या अरुंद टोकाकडे) सरकतं. वर एक्स्पांडर बॉल (मान आतून मापावर आणणारा डायमधला गोळा) बाहेर येताना मान आणखी थोडी ओढतो. मान आतून कोरडी असेल तर जास्तच. प्रेसचा (डाय बसवलेल्या यंत्राचा) दांडा वर नेताना करकर ऐकू आली तर मानेच्या आत ल्यूब कमी पडलंय.

उदाहरण घ्या. .308 विंचेस्टरची कमाल लांबी 51.18 मिमी. फायर झालेली पुंगळी 51.08 भरली म्हणून बाजूला ठेवली, तीच सायझिंगनंतर 51.21 निघू शकते. म्हणजे जी पास केली, तीच नापास. सायझिंगआधीचं माप ट्रिमिंगसाठी कामाचं नाही, ते लिहूनही ठेवू नका.

मोजतानाही घाई नको. कॅलिपरचे जबडे पुसून शून्य तपासा. पुंगळीचा तळ एका जबड्यावर सपाट टेकवा, दुसरा जबडा अंगठ्याने हलकेच आणा आणि पुंगळी फिरवत तीन-चार ठिकाणी माप घ्या. सगळ्यात मोठा आकडा खरा धरा. तोंडावर काजळी, बर (कापताना उरलेली धातूची खरखरीत कड) किंवा चेपलेली कड असेल तर माप जास्त येतं. वर आलेला प्रायमरही तेच करतो, म्हणून तो आधीच काढलेला बरा. आणि प्रत्येक पुंगळी मोजा. ‘दहातली एक मोजली, बाकीच्या तशाच असतील’ हे मला पटत नाही. एकाच डब्यातल्या पुंगळ्या सारख्या लांबत नाहीत.

आता निर्णय. मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, कमाल लांबी आणि ट्रिम लांबी, आणि त्यांत साधारण 0.25 मिमीचा फरक. .308 साठी 51.18 आणि 50.93, .223 रेमिंग्टनसाठी 44.70 आणि 44.45, .30-06 साठी 63.35 आणि 63.09. कमाल आकडा ही हद्द आहे, गाठायचं लक्ष्य नव्हे. लॉटमधली एकही पुंगळी तिच्यापुढे गेली, की मी अख्खा लॉट ट्रिम लांबीवर आणतो. बुलेटला क्रिंप देणार असाल (पुंगळीचं तोंड बुलेटवर आवळणार असाल) तर हद्द ओलांडण्याची वाटही पाहू नका. लांबी सारखी नसेल तर लांब पुंगळीला क्रिंप जास्त बसतो, आखूड पुंगळीला जेमतेम.

‘बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बंद होतोय ना, मग लांबी ठीक आहे’ हा सर्वांत धोकादायक सल्ला. बोल्ट फिरवून बंद करताना (कॅमिंग) इतका जोर असतो की जास्त लांब पुंगळीही तो आत रेटतो. मग तिचं तोंड चेंबरच्या मानेच्या टोकाला अडतं आणि बुलेटवर आवळलं जातं. फायर करताना मानेला फुगून बुलेट सोडायला जागा मिळत नाही आणि दाब धोकादायक वाढतो. हाताला मात्र काहीच वेगळं जाणवलेलं नसतं.

स्वतःच्या चेंबरची खरी लांबी गेजने मोजून हद्द पुढे सरकवणारे लोक आहेत. त्यांचा हिशोब चुकीचा नाही, पण त्या पुंगळ्या दुसऱ्या रायफलीत गेल्या तर तो हिशोब लागू नाही. मी पुस्तकातलाच आकडा धरतो.

ट्रिमिंग सोपं: पायलट (मानेत बसून कटर सरळ ठेवणारी दांडी) बसवा, कटर सेट करा, फिरवा. नंतर तोंडाला आतून चॅम्फर (कड तिरकी करणं), बाहेरून डीबर (बर काढणं). दोन हलके फेरे पुरेत, कडेला सुरीसारखी धार आणायची नाही. पितळेचा कीस झटका.

लॉट वारंवार ट्रिमला येत असेल तर डाय तपासा. ती खांदा (मानेखालचा उतार) गरजेपेक्षा जास्त मागे ढकलत असणार, बोल्ट-ॲक्शनमध्ये 0.05 मिमीच्या आसपास पुरतं. पुढे आलेलं पितळ कुठून तरी आलेलंच असतं, आणि तळाच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते. पेपरक्लिप सरळ करून टोक आखूड वाकवा आणि आतल्या भिंतीवरून तळापासून वर ओढा. खाचेत अडकल्यासारखं वाटलं, किंवा बाहेरून त्या जागी चकचकीत कडं दिसलं, तर ती पुंगळी मोजायचीही गरज नाही. पक्कडीने तोंड चेपून भंगारात टाका, म्हणजे ती परत लॉटमध्ये मिसळणार नाही.