पात्रता तालुक्यावर ठरते, पैसे गिऱ्हाइकाच्या पत्त्यावर: एसजीएसटी अनुदान धरताना या चुका टाळा

सोलापूरजवळच्या एका एमआयडीसीतल्या उद्योजकाने मला त्याच्या प्रोजेक्ट रिपोर्टचं एक पान दाखवलं. वार्षिक विक्री 4 कोटी, जीएसटी 18 टक्के, त्यातला राज्याचा वाटा (एसजीएसटी) 9 टक्के, म्हणजे दरवर्षी 36 लाख अनुदान. मुदत कर्जाचे हप्ते त्याच 36 लाखांवर बसवलेले. मी एवढंच विचारलं, ‘माल जातो कुठे?’ ‘निम्मा हैदराबाद आणि विजयपूरला.’ तिथेच 18 लाख कमी झाले.

उद्योगांना अनुदान देणाऱ्या महाराष्ट्र सरकारच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. योजना 1964 पासूनची. उद्योग मुंबई-ठाणे-पुण्यातच दाटू नयेत, मागास भागात जावेत, हा तिचा हेतू. म्हणून तालुक्यांचे गट पाडलेत आणि तालुका जितका मागास तितका लाभ मोठा. विक्रीकराच्या काळात करमाफी किंवा कर पुढे ढकलायची सवलत मिळायची. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि गणित बदललं. आता कर आधी भरायचा आणि राज्याच्या वाट्याला आलेल्या एसजीएसटीच्या हिशेबाने अनुदान मागायचं. परराज्यातल्या विक्रीवर आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहारांवरचा जीएसटी) लागतो आणि त्यातला राज्याचा हिस्सा माल जिथे जातो त्या राज्याला मिळतो. महाराष्ट्राच्या तिजोरीत जे आलंच नाही, ते महाराष्ट्र परत कसं देणार?

याचा फटका सीमेवरच्या जिल्ह्यांना बसतो आणि मला ते मनापासून खुपतं. नांदेडच्या कारखानदाराला हैदराबादची बाजारपेठ मुंबईपेक्षा कितीतरी जवळची. कागदावर लाभ मोठा, पण गिऱ्हाईक सीमेपलीकडे. म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये विक्रीचा एकच आकडा टाकू नका. राज्यातली विक्री, परराज्यातली विक्री आणि निर्यात असे तीन रकाने करा. अनुदान फक्त पहिल्या रकान्यावर धरा.

त्या पहिल्या रकान्यातही एक खड्डा आहे. या योजनेच्या 2019 च्या आवृत्तीत पात्र मालाची पहिली विक्री धरतात, आणि बिल व डिलिव्हरी दोन्ही राज्यातच, एकाच घटकाला झालेली लागते. बिल पुण्याच्या व्यापाऱ्याच्या नावावर आणि ट्रक थेट हैदराबादला, असा व्यवहार असेल तर बिलावर एसजीएसटी लागलेला दिसतो, पण अनुदानात ते बिल बसत नाही. अशी बिलं वर्षभर वेगळ्या मालिकेत ठेवा, नाहीतर दावा भरताना हजार बिलांतून वेचत बसावं लागतं.

दुसरी मोठी गफलत ढोबळ आणि निव्वळ यांत होते. ढोबळ एसजीएसटी म्हणजे विक्रीच्या बिलांवर लावलेला सगळा. निव्वळ म्हणजे खरेदीवर आधीच भरलेल्या कराचं क्रेडिट वळतं करून उरलेला. वरच्याच युनिटची राज्यातली खरेदी 1 कोटी 20 लाखांची धरा. 9 टक्क्यांनी 10 लाख 80 हजारांचं क्रेडिट. ढोबळ 18 लाख, निव्वळ फक्त 7 लाख 20 हजार. मूळ 36 लाखांचं स्वप्न इथवर उतरू शकतं. शेजारच्या युनिटला ढोबळवर मिळतं म्हणून तुम्हालाही मिळेल असं नाही. 2007, 2013, 2019 या प्रत्येक योजनेचा जीआर वेगळा. तुमचं पात्रता प्रमाणपत्र ज्या योजनेखाली आहे, तिचाच जीआर सीएसोबत बसून वाचा.

निव्वळवर मोजत असतील तर जीएसटीचं देणं मांडणारं 3बी रिटर्न भरतानाही लक्ष हवं. गुजरातहून कच्चा माल आणला की आयजीएसटीचं क्रेडिट येतं. ते आधी आयजीएसटीच्या देण्यात जातं. उरलेलं सीजीएसटी (केंद्राचा वाटा) आणि एसजीएसटी यांत कोणत्याही प्रमाणात वळवता येतं. अकाउंटंटने सवयीने ते सगळं एसजीएसटीत टाकलं तर रोखीने भरलेला एसजीएसटी घटतो आणि त्याबरोबर अनुदानही. अर्थात जीआरमध्ये मोजणीची स्वतंत्र पद्धत दिली असेल तर तीच चालते.

अनुदानाला दोन कुंपणं असतात, हेही बरेचजण विसरतात. एक ठरलेली वर्षं आणि दुसरं स्थिर भांडवली गुंतवणुकीच्या (इमारत, मशीन वगैरे) टक्क्यांत ठरलेली कमाल रक्कम. जे आधी संपेल तिथे अनुदान थांबतं.

दावा अडकलाच तर माझ्या अनुभवात कारण बहुतेक वेळा कागदांच्या विसंगतीत सापडतं. प्रमाणपत्रावर एक उत्पादन आणि बिलावर दुसराच एचएसएन कोड (मालाचा वर्गीकरण क्रमांक). भागीदारी फर्मची प्रायव्हेट लिमिटेड झाली, नवा जीएसटी क्रमांक आला, पण प्रमाणपत्रावर नाव जुनंच. विस्तार केला, पण जुन्या आणि वाढीव उत्पादनाचा हिशेब एकत्रच. एका फाईलमध्ये तर मशीनच्या बिलावर कारखान्याऐवजी पुण्याच्या ऑफिसचा पत्ता होता आणि तेवढ्यावरून ती गुंतवणूक वगळली गेली. बदल झाला की लगेच जिल्हा उद्योग केंद्रात लेखी कळवा, प्रमाणपत्रात दुरुस्ती करून घ्या आणि पोच जपून ठेवा. दावा भरण्याआधी जीएसटीआर 1 (विक्रीच्या बिलांचं रिटर्न), 3बी, वार्षिक रिटर्न आणि ताळेबंद यांतली विक्री जुळवा. परत आलेल्या मालाच्या किंवा कमी केलेल्या किमतीच्या क्रेडिट नोटा एका ठिकाणी वजा आणि दुसरीकडे नाहीत, हा फरक हमखास निघतो.

याच योजनेतल्या मुद्रांक शुल्काच्या माफीचं प्रमाणपत्र दस्त नोंदवायच्या आधी हातात हवं. शुल्क भरून मोकळं झाल्यावर मागे धावण्यात अर्थ नाही.

आता कर. सरकारी अनुदान पुरवठ्याच्या मूल्यात धरत नाहीत, त्यामुळे त्यावर जीएसटी नाही. प्राप्तिकराचं मात्र तसं नाही. महाराष्ट्रातल्या मल्टिप्लेक्सना मिळालेली करमणूक शुल्काची सवलत ही भांडवली जमा आहे, म्हणजे करपात्र उत्पन्न नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटलं. त्या निकालावर विसंबून काहीजण आजही अनुदान करमुक्त धरतात. पण तो निकाल कायदा बदलण्याआधीच्या वर्षांच्या उत्पन्नाबद्दल होता. 2015 च्या वित्त कायद्याने सरकारी अनुदानं उत्पन्नाच्या व्याख्येत आणली, फक्त मालमत्तेच्या किमतीतून वजा होणारी वगळून. म्हणजे हातात येणाऱ्या रकमेतून प्राप्तिकर बाजूला काढूनच पुढचा हिशेब करा.

आणि ती रक्कम कधी येईल? आधी वर्ष संपतं, मग दावा, तपासणी, मंजुरी, आणि मग सरकारी तरतूद असेल तसं वाटप. सोलापूरच्या त्या उद्योजकाला मी अनुदानाची ओळ पूर्ण काढून हप्ते पुन्हा मांडायला लावले. अनुदानाशिवाय हप्ते बसत नव्हते. त्याने दुसरं मशीन एक वर्ष पुढे ढकललं, कर्ज कमी घेतलं, आणि मगच बँकेत अर्ज दिला.