ट्रॅव्हल्सनं आलेला गोल्डफिश पोट वर करून तरंगतोय?

मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं परभणीत उतरलेला ओरांडा (गोल पोटाची गोल्डफिशची एक जात) आडवा झाला, की लोक आधी औषध ओततात. थांबा जरा. पिशवी पंधरा मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग ओल्या हातानं फक्त मासा सोडा. पिशवीतलं अमोनियाचं पाणी टाकीत नको. पाणी वीतभरच ठेवा, म्हणजे वर-खाली करताना तो दमत नाही. दिवा बंद. दोन-तीन दिवस खाणं अजिबात नाही, लेकरं कितीही मागं लागू द्या. नंतर उकडून सोललेला मटार, चुरून. तरी सरळ होईना, तर वेगळ्या टबात वीस लिटरला एक मोठा चमचा एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), आधी विरघळवून. ते मेडिकलमधूनच घ्या, कृषी केंद्रातलं खताचं नको. रोज थोडं पाणी बदला. गोल पोटाच्या जातींत हा त्रास कधीकधी कायमचा राहतो, तेव्हा टाकी उथळच ठेवायची.