झिंक आणि ड जीवनसत्त्व : भाकरीतून आणि उन्हातून कसे मिळवावे

विदर्भातल्या शेतकऱ्याला झिंक ठाऊक असते ते कृषी केंद्रातल्या झिंक सल्फेटच्या पिशवीमुळे. संत्र्याच्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडू लागला, नवी पाने बारीक आणि अरुंद निघू लागली किंवा भंडारा-गोंदियाकडच्या धानावर खैरा रोग दिसला, की काय कमी पडले आहे ते तो बांधावरूनच सांगतो. घरातल्या पोराची उंची वर्षभर जागची हलत नाही, पायाची जखम लवकर भरत नाही, तोंडाची चव गेली आहे, अशा वेळी मात्र तोच घटक फारसा कोणाच्या मनात येत नाही. इथेच एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी : खताचे झिंक हे माणसाने खाण्याचे औषध नाही आणि झिंक फॉस्फाइड तर उंदीर मारण्याचे जहर आहे. नाव सारखे दिसले म्हणून या वस्तू औषधांजवळ ठेवू नयेत.

शरीरातील तीनशेहून अधिक विकरांना (एन्झाइम्सना) झिंक लागते. वाढ, जखम भरणे, चव आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांशी त्याचा संबंध आहे. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ साली इराणमधील खुजी राहिलेली, वयात न आलेली मुले तपासून त्यांच्या स्थितीचे वर्णन प्रसिद्ध केले आणि माणसालाही झिंकची कमतरता होते हा विचार तेथून पुढे आला. ती मुले मुख्यतः न आंबवलेल्या गव्हाच्या रोटीवर जगत होती. ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम वेगळे आहे. अन्नातला कॅल्शियम आतड्यातून रक्तात घेण्यास ते मदत करते. ते कमी पडले तर लहान मुलांना मुडदूस होतो, पाय वाकतात, आणि मोठ्यांची हाडे दुखतात, मांड्यांतला जोर कमी होऊन खाली बसल्यावर उठताना हात टेकावा लागतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज पुरुषाला सुमारे १७ व स्त्रीला सुमारे १३ मिलिग्रॅम झिंक लागते. ड जीवनसत्त्वाची रोजची गरज प्रौढाला ६०० आययू (आंतरराष्ट्रीय एकक, जीवनसत्त्वाचे माप) आणि साठीच्या पुढे ८०० आययू धरली जाते.

पहिली पायरी : भाकरी आणि डाळ भिजवून, आंबवून खावी

आपल्या ताटात झिंक अगदीच नसते असे नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दोन, हरभऱ्यात सुमारे तीन आणि तिळात सात मिलिग्रॅमच्या आसपास ते असते. अडचण अशी, की धान्य व कडधान्यांतील फायटेट नावाचा घटक हे झिंक धरून ठेवतो आणि त्यातले बरेचसे शरीरात न शिरताच बाहेर जाते. भिजवणे, मोड आणणे आणि आंबवणे या तिन्ही क्रियांनी फायटेट कमी होते, आणि या तिन्ही क्रिया आपल्या आजीच्या हातात होत्याच.

बरबटी (चवळी), मटकी किंवा हरभरा रात्री भरपूर पाण्यात टाकावा, सकाळी ते पाणी फेकून द्यावे आणि दाणे ओल्या सुती कापडात घट्ट बांधून सावलीत टांगून ठेवावेत. उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतच मोड डोकावू लागतात, तर थंडीत दीड-दोन दिवस लागतात. मोड तांदळाएवढा झाला, की उसळ चढवावी. ज्वारीसाठी याहून सोपा मार्ग आंबिलाचा आहे. ज्वारीचे पीठ ताकात किंवा पाण्यात कालवून मातीच्या भांड्यात रात्रभर झाकून ठेवावे, सकाळी त्याला हलका आंबूस वास आला आणि वर बारीक बुडबुडे दिसू लागले, की पाणी घालून मंद आचेवर सारखे हलवत शिजवावे, नाहीतर तळाला गुठळ्या होतात. महालक्ष्मीच्या नैवेद्याला आपण आंबील हमखास करतो आणि मग वर्षभर विसरून जातो, हे मला नेहमी खटकते. वैशाखात वावरातून आलेल्या माणसाला त्याहून गार काही मिळणे कठीण आहे.

रोजच्या जेवणात तीळ आणि जवसाची भाजून कुटलेली चटणी दोन चमचे असावी. मांसाहार चालत असेल तर बोकडाच्या मटणातील आणि अंड्यातील झिंक धान्यातल्यापेक्षा सहज अंगी लागते, त्यामुळे आठवड्यातून एकदा-दोनदा हे पुरेसे उपयोगी पडते.

दुसरी पायरी : आपली सावली पाहून उन्हात बसावे

ड जीवनसत्त्व ताटातून फारसे मिळत नाही. एका अंड्याच्या बलकात जेमतेम चाळीस आययू असते आणि घरच्या म्हशीच्या दुधात त्याहून फार काही नसते. पिशवीबंद दूध आणत असाल तर त्यावर ‘+एफ’ हे पोषक घटक मिसळल्याचे चिन्ह आहे का ते पाहावे, मात्र मुख्य भिस्त उन्हावरच ठेवावी लागते.

उन्हाविषयी एक समज घराघरांत पक्का बसला आहे, तो म्हणजे सकाळी सात वाजताचे कोवळे ऊन सर्वांत गुणकारी. ते ऊन सुखद असते यात शंका नाही, परंतु त्वचेत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील-ब किरण तिरप्या उन्हात वातावरणातच अडकतात. त्यासाठी घड्याळाची गरज नाही. आंगणात सरळ उभे राहावे आणि आपली सावली पाहावी. सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचे आहे, लांब असेल तर फारसे नाही. नागपूरकडे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली क्षणभर नाहीशी होते, तर डिसेंबरअखेर भर दुपारीही ती जवळजवळ आपल्या उंचीएवढीच राहते. म्हणून हिवाळ्यात साडेअकरा ते एक या वेळेत अर्धा तास बसावे. उन्हाळ्यात सावली नऊच्या सुमारासच आखूड होते, तेव्हा दहा-पंधरा मिनिटांत उठावे, कारण पारा पंचेचाळिसाला टेकणाऱ्या आपल्या दुपारी ड जीवनसत्त्वासाठी उन्हात बसणे म्हणजे उष्माघाताला बोलावणे आहे. सावळ्या त्वचेला आणि वृद्धांना थोडा अधिक वेळ लागतो.

हात, पाय, शक्य असल्यास पाठ उघडी असावी. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन या कामाचे नाही. दिवसभर वावरात राबणाऱ्या बाईला ऊन कमी कसे पडेल, असे आपण सहज म्हणतो, परंतु कापूस वेचताना लुगड्यावर पुरुषी सदरा, डोक्याला व तोंडाला दुपट्टा आणि पायांत मोजे असा तिचा वेष असतो आणि उघडे राहतात ते फक्त डोळे व बोटे. तिने जेवणाच्या सुट्टीत बाह्या वर सारून काही मिनिटे तसेच बसावे.

तिसरी पायरी : लहान मुलाच्या हगवणीत झिंकची गोळी

ही पायरी जीव वाचवणारी आहे. पावसाळ्यात मुलाला जुलाब लागले, की जलसंजीवनीबरोबर झिंकची विरघळणारी गोळी आशाताईंकडून किंवा उपकेंद्रातून घ्यावी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, म्हणजे एक गोळी, आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, अशी चौदा दिवस द्यायची असते. ती चमचाभर पाण्यात किंवा आईच्या काढलेल्या दुधात विरघळवावी. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या बंद करू नयेत, कारण पूर्ण चौदा दिवस दिल्यास पुढील दोन-तीन महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही कमी होते. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसले तर घरी थांबू नये.

चौथी पायरी : मोठ्यांनी गोळी आणि पुडी विचारून घ्यावी

आमच्या एका नात्यातल्या काकूंनी ड जीवनसत्त्वाची ६०,००० आययूची पुडी, जी सहसा आठवड्याला एक अशी देतात, ती महिनाभर रोज घेतली, कारण दुकानातून देताना कोणी सांगितले नाही आणि त्यांनीही विचारले नाही. भूक गेली, तहान थांबेना, पोट साफ होईना, आणि तपासणीत रक्तातला कॅल्शियम वाढलेला निघाला. हे जीवनसत्त्व चरबीत साठते, लघवीवाटे सहज बाहेर पडत नाही. पुडी दुधासोबत किंवा जेवणानंतर घ्यावी आणि घेतलेला वार भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

झिंकची गोळी उपाशीपोटी घेतल्यास मळमळते. लोहाची गोळी सुरू असेल तर दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवावे. दिवसाला ४० मिलिग्रॅमपेक्षा अधिक झिंक बराच काळ घेत राहिल्यास शरीरातील तांबे कमी होते. कोरोनाच्या काळात महिनोन्महिने या गोळ्या चघळणारे अनेक जण मी पाहिले आहेत, त्यांना कोणी ही मर्यादा सांगितली नव्हती.

रक्ततपासणी प्रत्येकाने करावी असे नाही. सतत हाडे दुखणारे, वारंवार हाड मोडलेले, मूत्रपिंडाचे रुग्ण, फिट्सचे औषध घेणारे आणि घराबाहेर न पडणारे वृद्ध यांनी डॉक्टरांना विचारून ती करावी. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता, असे सर्वसाधारणपणे मानतात. पूर्व विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत आणि त्यांच्यात झिंक व ड जीवनसत्त्व दोन्ही कमी असल्याचे वारंवार आढळते. अशा घरांनी मुलाच्या नियमित तपासणीच्या दिवशीच डॉक्टरांपुढे हा विषय काढावा आणि सुरू असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून सोबत न्याव्यात.