मीटिंगच्या आदल्या दिवशी एकट्याने शहर पाहताना या चुका टाळा

कामानिमित्त परगावी किंवा परदेशी जाणाऱ्या माणसाला विमानाच्या वेळांमुळे किंवा मध्ये आलेल्या रविवारमुळे अनेकदा एक पूर्ण दिवस मोकळा मिळतो. कोणाची वाट पाहायची नाही, कोणाच्या आवडीनिवडी सांभाळायच्या नाहीत, असा दिवस नोकरीच्या धबडग्यात क्वचितच वाट्याला येतो आणि तो हॉटेलच्या खोलीत टीव्हीसमोर घालवू नये, असे माझे ठाम मत आहे. मात्र या दिवसाची संध्याकाळ दुसऱ्या दिवशीच्या कामासाठी राखून ठेवायची असते, हे बहुतेकांच्या ध्यानात राहत नाही आणि पुढच्या बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात. मी आखणी संध्याकाळपासून उलटी करत येतो. आठपर्यंत जेवण उरकून खोलीवर पोहोचायचे, कपडे आणि कागदपत्रे काढून ठेवायची, हे आधी पक्के करायचे आणि मग उरलेल्या तासांत काय बसते ते पाहायचे.

सर्वांत जास्त नुकसान करते ती लांबलचक यादी. ‘एका दिवसात अख्खे शहर’ अशा धाटणीचे व्हिडिओ पाहून लोक दहा-बारा ठिकाणे लिहून आणतात. त्या यादीत तिकिटाची रांग, सुरक्षा तपासणी, सामानघरात बॅग ठेवून परत घेण्याचा वेळ, भुयारी स्थानकातले जिने आणि चुकीच्या दाराने बाहेर पडल्यावर पडणारा वळसा यांपैकी काहीच धरलेले नसते. एकट्या माणसाला तर रांगेत जागा धरायलाही कोणी नसते.

माझ्याबरोबर आलेल्या एका तरुण सहकाऱ्याची गोष्ट इथे सविस्तर सांगतो, कारण असेच प्रकार थोड्याफार फरकाने मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे. त्याच्या यादीत अकरा ठिकाणे होती आणि पायात मीटिंगसाठी घेतलेले नवे कोरे चामडी बूट होते. दिवसभर चालले की ते सैल होतील, असा त्याचा हिशेब होता. दुपारपर्यंत टाच घासू लागली, तेव्हा त्याने मोजा वर ओढला, बुटाची मागची बाजू टाचेखाली दाबली आणि तसाच पुढे चालत राहिला, कारण यादीतली चार ठिकाणे बाकी होती. रात्री दोन्ही टाचांवर मोठे फोड आले होते आणि त्यांतला एक फुटलाही होता. दुसऱ्या दिवशी चर्चेनंतर यजमानांनी कारखान्याची फेरी ठेवली होती आणि सेफ्टी शूजशिवाय आत प्रवेश नव्हता. त्याचा पाय त्या कडक बुटात जाईना. जे यंत्र पाहण्यासाठी तो एवढ्या लांब आला होता ते आम्हाला दाखवले जात असताना तो फाटकाजवळच्या खोलीत बसून होता आणि त्याने महिनाभर तयार केलेले प्रश्न आम्ही जमेल तसे विचारत होतो. ती अकरा ठिकाणे नीट पाहून झाली असती, तरी हे नुकसान भरून निघाले नसते.

म्हणून भटकंतीला नेहमीचे, पायाला सरावलेले बूट घालावेत आणि मीटिंगचे बूट खोलीतच राहू द्यावेत. फोड येण्याआधी ती जागा गरम लागते, हुळहुळते. त्याच क्षणी थांबून तिथे चिकटपट्टी लावली तर पुढचा त्रास बहुधा टळतो. घामाने ओली झालेली त्वचा लवकर सोलवटते, त्यामुळे मोज्यांचा एक जादा जोड मी पिशवीत ठेवतो आणि दुपारी बदलतो. आलेला फोड घाईने फोडू नये, कारण वरची कातडी शाबूत असेपर्यंत ती आतल्या जखमेला संसर्गापासून वाचवते. आणि यादी? सकाळी एक मोठे ठिकाण आणि दुपारी त्याच्याच आसपासचा एक भाग पायी, एवढेच मी ठरवतो. एखादे शहर एका दिवसात ‘उरकणाऱ्यांना’ त्यातले काय आठवते, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

दुसरी चूक घरबसल्या पाच मिनिटांत टाळता येण्याजोगी आहे, म्हणूनच तिचा मला अधिक राग येतो. पाहण्याच्या जागेची साप्ताहिक सुट्टी लोक तपासतच नाहीत. सोमवारी संग्रहालये बंद, एवढा एकच ठोकताळा त्यांच्या डोक्यात असतो. प्रत्यक्षात पॅरिसचे ओर्से संग्रहालय सोमवारी बंद असते आणि त्याच शहरातले लूव्र मंगळवारी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. व्हॅटिकनची संग्रहालये महिन्यातला शेवटचा रविवार सोडला तर रविवारी उघडत नाहीत आणि सोमवारी मीटिंग असलेल्या माणसाला मोकळा मिळतो तो नेमका रविवारच. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, त्यामुळे विसरलेला टाय किंवा चार्जर तिथे घेऊ, असा भरवसा धरणाऱ्यांची पंचाईत होते. आठवड्याची रचनाही सगळीकडे सारखी नसते: सौदी अरेबियात सुट्टी शुक्रवार-शनिवारची असते आणि रविवारी कामाला सुरुवात होते, तर शेजारच्या संयुक्त अरब अमिरातीने 2022 पासून शनिवार-रविवार स्वीकारला आहे. त्या जागेच्या अधिकृत संकेतस्थळावरच वेळ पाहावी आणि शेवटचा प्रवेश केव्हा मिळतो तेही पाहावे, कारण अनेक ठिकाणी दार बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच नवा प्रवेश थांबतो.

घड्याळाकडेही लक्ष द्यावे. युरोपीय संघातल्या देशांत मार्चच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळ एक तास पुढे जाते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येते. अमेरिकेच्या बहुतेक भागांत हेच मार्चचा दुसरा आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार या दिवशी घडते. मोबाइल आपोआप सुधारतो, परंतु हॉटेलच्या उशाजवळचे घड्याळ सुधारेलच असे नाही. गजर मोबाइलवरच लावावा.

लांबच्या विमानप्रवासानंतर दुपारी ‘जरा पडतो’ म्हणणारे लोक संध्याकाळी सातला उठतात आणि मग पहाटेपर्यंत छताकडे पाहत राहतात. झोपायचेच असेल तर वीस-तीस मिनिटांचा गजर लावून झोपावे, आणि त्याहून चांगले म्हणजे दिवसाउजेडी बाहेर चालावे, कारण शरीराचे घड्याळ नव्या वेळेला जुळवण्यात प्रकाशाचा वाटा सर्वांत मोठा असतो. पश्चिमेकडे गेल्यावर पहाटे लवकर जाग येते. ती वाया न घालवता रस्ते रिकामे असताना बाहेर पडावे. पूर्वेकडे गेल्यावर रात्री झोप लवकर लागत नाही, म्हणून तिथे दुपारनंतर चहा-कॉफी मी घेत नाही.

ऑफिसचा लॅपटॉप पाठीवर घेऊन फिरू नये. खोली दुपारी मिळणार असेल तर बॅग रिसेप्शनवर ठेवता येते, मात्र लॅपटॉपसाठी तिजोरी किंवा कुलपाची जागा मागून घ्यावी.

शहराचा नकाशा निघण्यापूर्वीच मोबाइलमध्ये उतरवून घ्यावा आणि हॉटेलचे नाव व पत्ता स्थानिक लिपीत कागदावर लिहून घेऊन खिशात ठेवावा. बॅटरी संपल्यावर टॅक्सीचालकाला दाखवायला तोच कागद उपयोगी पडतो.

मीटिंगच्या इमारतीपर्यंतचा रस्ता आदल्या दिवशी एकदा चालून पाहणे अनेकांना वेळेचा अपव्यय वाटतो. मी मात्र परतीच्या वाटेवर तिथे जातोच, कारण एकाच संकुलातल्या चार इमारती, कामाच्या दिवशी उघडणारे वेगळे फाटक, स्थानकाचे नेमके कोणते दार जवळ पडते, या गोष्टी नकाशावर कळत नाहीत. एवढे पाहून झाले की हॉटेलवर परत जाऊन ऑफिसातल्या कोणालातरी पोहोचल्याचा निरोप द्यावा. एकटे फिरणाऱ्याने सकाळी निघतानाही आपण कोणत्या भागात जात आहोत, हे त्याच व्यक्तीला कळवून ठेवावे.